पिशवीचे दहा महिने

एप्रिल २०२१ मध्ये मला कोविड झाला, तेव्हा आमच्या चाळीत सगळ्यांचं लक्ष एकाच आकड्याकडे असायचं, ऑक्सिमीटरच्या. माझा आकडा ९५ च्या खाली कधी आला नाही. त्यामुळे घरच्यांनी आणि मीही धरून चाललो होतो की, थोडक्यात निभावलं. फुप्फुसाला खरंच काही झालं नाही. जे झालं ते आतड्याला झालं, आणि ते ओळखण्यात जवळजवळ अख्खा दिवस गेला.

मी मुंबईत काळाचौकीला राहते, ब्लाउज शिवते. एकच खोली, आत मोरी, संडास गॅलरीच्या टोकाला. घरात वेगळं राहणं शक्यच नव्हतं. महापालिकेच्या वॉर रूममधून, म्हणजे कोविडच्या नियंत्रण कक्षातून, फोन आला आणि मला कोविड सेंटरला हलवलं. तिथे अकरा दिवस काढले. ताप चार दिवस होता, खोकला जेमतेम, पण जुलाब पहिल्या दिवसापासून. कोविडमध्ये जुलाब होतातच म्हणून कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही, मीही नाही. पुढे रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मला समजावलं, की हा विषाणू पेशीवरच्या एसीई-२ नावाच्या ज्या प्रथिनाला धरून आत शिरतो, ते लहान आतड्याच्या आतल्या अस्तरात भरपूर असतं. म्हणजे आतडं हे त्याचं घरच. आणि दुसरी गोष्ट, कोविडमध्ये रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला सूज येते आणि रक्त गोठायला बघतं. ताप गेल्यावर, रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावरसुद्धा काही आठवडे ही भीती राहते. सेंटरमधून घरी येताना आम्हाला श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. पोटाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

घरी येऊन चार दिवस झाले होते. शनिवारची रात्र. वरण-भात खाल्ला आणि तासाभराने बेंबीभोवती दुखायला लागलं. ओलं कापड दोन्ही हातांनी पिळावं तसं. मी दोन बाळंतपणं काढली आहेत, ती कळ मला माहीत आहे. ही तिच्याहून वेगळी होती, हिला मध्ये विसावा नव्हता. ओवा खाल्ला, गरम पाण्याची पिशवी धरली, रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन पडले. सकाळी यांनी मला जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. रविवार असूनही त्यांनी दार उघडलं, हे मी विसरत नाही. त्यांनी पोट चारही बाजूंनी दाबून पाहिलं. पोट मऊ होतं. दाबल्यावर मी ओरडले नाही, कारण दाबल्याने दुखणं वाढत नव्हतं, ते आपलं आपण चालूच होतं. पित्त आहे म्हणाले, इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. जीव जाईल असं दुखतंय आणि हात लावावा तर पोट मऊ, हीच आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची खूण असते. पोट कडक व्हायला लागतं ते नंतर, आतडं मरायला लागल्यावर. मऊ पोट पाहून आम्ही सगळे निश्चिंत झालो आणि तेवढा वेळ गेला.

दुपारी दोन उलट्या झाल्या आणि नंतर शौचाला रक्त पडलं. ते पाहिल्यावर यांनी विचारायला कुणाकडे न जाता टॅक्सी केली. तेव्हा संचारबंदी होती. नाक्यावर पोलिसांनी हात केला, माझ्याकडे पाहिलं आणि लगेच जाऊ दिलं. मोठ्या रुग्णालयात पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. म्हणजे कळ सुरू झाल्याला सतरा तास.

अपघात विभागात माणसांची नुसती रीघ होती आणि बहुतेकांना ऑक्सिजन हवा होता. माझ्यासारख्या पोटदुखीवाल्या बाईला तिथे कोण विचारणार, असं मला वाटलं होतं. पण पीपीई किट घातलेली एक रेसिडेंट डॉक्टर मुलगी आली. वय माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी जास्त असेल. तिने तीन प्रश्न विचारले. कोविड कधी झाला? दुखणं जेवणानंतर सुरू झालं का? रक्त पडलं का? आणि पोट दाबून बघितल्यावर ती फोनवर कुणाला तरी म्हणाली, "सर, पोट मऊ आहे, पण पेशंटकडे बघवत नाहीये." त्या एका वाक्यावर मी आज हे लिहिते आहे. तासाभरात शिरेतून रंगाचं औषध सोडून सीटी स्कॅन झाला.

तिनेच कागदाच्या पाठी पेनाने काढून दाखवलं. हृदयातून निघणारी मोठी धमनी, तिच्यातून आतड्याकडे जाणारी एक फांदी आणि त्या फांदीत गुठळी. लहान आतडं जवळपास सगळं आणि मोठ्या आतड्याचा उजवा भाग त्या एकाच फांदीवर जगतो. रक्त थांबलं की काही तासांत आतडं काळं पडायला लागतं. "पोट उघडल्याशिवाय किती वाचलंय ते सांगता येणार नाही, आणि पिशवी लागू शकते," ती म्हणाली. कसली पिशवी, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. यांनी सही केली.

रात्री अकराला ऑपरेशन. गुठळी काढली आणि मेलेलं आतडं कापलं. छत्तीस तासांनी पुन्हा पोट उघडलं, कारण पहिल्या वेळी जो भाग धड जिवंत नाही, धड मेलेला नाही असा दिसतो, त्याचा निकाल तेवढ्या वेळात लागतो. दोन्ही मिळून दीड मीटर आतडं गेलं. माणसाचं लहान आतडं सहा मीटरच्या आसपास असतं. मी रोज कापड मोजणारी बाई. दीड मीटर म्हणजे किती, हे मला डॉक्टरांनी हात पसरून दाखवायची गरज नव्हती. उरलेली दोन टोकं तेव्हाच जोडली असती तर टाका सुटायचा धोका होता, म्हणून वरचं टोक पोटाच्या उजव्या बाजूला भोक पाडून बाहेर काढलं. त्याला स्टोमा म्हणतात. शौच तिथून पिशवीत येतं, आणि ते आपल्या ताब्यात नसतं.

आयसीयूचे दिवस मला नीट आठवत नाहीत. मानेच्या शिरेतून दुधासारखं पांढरं सलाइन चालू होतं, तेच जेवण. गुठळी पुन्हा होऊ नये म्हणून हेपॅरिन चालू होतं.

स्टोमा मी पहिल्यांदा पाहिला तो आठव्या दिवशी. लालभडक, ओला, ओठाच्या आतल्या बाजूसारखा. हात लावला तर काहीच जाणवत नाही, कारण आतड्याला त्वचेसारखी स्पर्शाची जाण नसते. माझ्याच पोटावर माझंच काहीतरी हलतंय आणि ते मला कळत नाही, या गोष्टीने मी खूप रडले. सिस्टरने मला रडू दिलं. मग म्हणाली, "ताई, तुम्ही शिवणकाम करता ना? मग हे तुम्हालाच जमणार." तिने बेस प्लेट आणि कातर माझ्या हातात दिली.

प्लेट म्हणजे पोटाला चिकटणारी चकती, तिच्यावर पिशवी बसते. चकतीला मधोमध भोक कापायचं असतं, स्टोम्याच्या मापाचं. माप चुकलं तर काय होतं ते मी अंगावर भोगलं आहे. भोक मोठं झालं की कडेची कातडी उघडी राहते, आणि लहान आतड्यातून येणाऱ्या पाण्यात पाचक रस असतात, ते कातडी जाळतात. घट्ट झालं तर स्टोम्याला काचतं. दोन-तीन मिलिमीटर सूट ठेवायची, त्याहून जास्त नाही. शिवाय पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणजे गेल्या आठवड्याचं माप या आठवड्याला चालत नाही. मी खाकी कागदाचा नमुना करून ठेवला, ब्लाउजच्या गळ्याचा ठेवते तसा. दर सोमवारी नवीन माप घ्यायचं, कागद कापायचा, लावून बघायचा, मग प्लेटला कातर लावायची. असे अकरा कागद झाले. अकराव्यानंतर माप बदललं नाही.

१८ मे ला घरी सोडलं. आदल्या दिवशी तौक्ते वादळाने वॉर्डाच्या खिडक्या रात्रीपर्यंत आपटत होत्या. टॅक्सी पडलेली झाडं चुकवत कुठून कुठून घरी आली.

चाळीत पिशवी घेऊन राहायचं म्हणजे काय, हे मला कुठल्याच पत्रकात सापडलं नाही. पिशवी दिवसातून सहा-सात वेळा रिकामी करावी लागते, रात्री दोनदा. संडास गॅलरीच्या टोकाला, सकाळी सहाला पाणी येतं तेव्हा रांग. पहिले काही दिवस मी मोरीत पडदा लावून बादलीत रिकामी करायचे आणि हे ती बादली झाकून न्यायचे. नवऱ्याने आपली घाण न्यावी याचा मला फार त्रास व्हायचा. ते काही बोलायचे नाहीत. मग शेजारच्या काकूंनी एक दिवस सरळ विचारलं, काय झालंय ते सांग. मी ब्लाउज वर करून दाखवलं. त्यांनी कडेचा संडास माझ्यासाठी मोकळा ठेवायचं सगळ्यांना सांगितलं आणि तो शेवटपर्यंत मोकळा राहिला. लपवलं तेवढे दिवस जास्त जड गेले.

खरा फटका जूनच्या सुरुवातीला बसला. उकाडा प्रचंड होता आणि मला तहान लागायची, म्हणून मी तांब्यातांब्याने पाणी प्यायचे. जेवढं प्यायचे त्याहून जास्त पिशवीत यायचं. पायात गोळे, लघवी बंद झाल्यासारखी, उठलं की डोळ्यांपुढे अंधार. पुन्हा भरती, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आलेला. तिथे कळलं की आतडं आखूड झालं की नुसतं पाणी उलटं काम करतं. ते शरीरातलं मीठ आतड्यात ओढून घेतं आणि त्याच्यासकट बाहेर पडतं. तहान भागवायची ती ओआरएसने. साखर आणि मीठ सोबत असेल तरच आतडं पाणी नीट आत घेतं. त्या दिवसापासून मी मापाच्या भांड्याने मोजून वहीत लिहायला लागले, किती प्यायले, किती आलं. पिशवीत आलेलं दिवसाला लिटरच्या आत असेल तर ठीक. दीड लिटरच्या वर गेलं की डॉक्टरांना फोन. जेवणाआधी अर्धा तास जुलाब थांबवायची गोळी, जेवणात मऊ भात, केळं, साबुदाण्याची घट्ट पेज. लोकलमध्ये तेव्हा आम्हाला प्रवेश नव्हता, तपासणीला बसने जायचे, वही पिशवीत घेऊन. डॉक्टर रिपोर्टच्या आधी वही मागायचे.

रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू होत्या आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, दोन ते तीनमध्ये ठेवायचा होता. सुई बोटात गेली तर रक्त थांबेपर्यंत दहा मिनिटं बोट दाबून बसायचं. हुक लावायचं काम मी त्या काळात मुलीकडे दिलं.

खोबरं बंद होतं. चोथा स्टोम्याच्या तोंडाशी अडकू शकतो. आम्ही मूळचे सिंधुदुर्गाचे, खोबऱ्याशिवाय स्वयंपाक कसा करायचा तेच मला सुचेना. त्या वर्षी गणपतीला मोदक मी वळले, खाल्ला नाही.

आतडं पुन्हा जोडायचं ऑपरेशन जानेवारीत ठरलं होतं. पण जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत दिवसाला वीस हजारांच्या वर रुग्ण निघायला लागले, आणि जी ऑपरेशनं थांबू शकतात ती थांबवली गेली. माझं थांबू शकत होतं. खरंच शकत होतं, पण तारीख पुढे गेल्याचा फोन ठेवल्यावर मी दोन दिवस मशीनला हात लावला नाही. शेवटी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात झालं. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ डॉक्टर एकच विचारायचे, "गॅस पास झाला का?" आतडं चालू झाल्याची ती खूण. चौथ्या दिवशी पहाटे झाला. मी सिस्टरला हाक मारून सांगितलं आणि शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली.

सगळं पहिल्यासारखं झालेलं नाही. सुरुवातीला दिवसातून आठ वेळा जावं लागायचं, आता तीन वेळा. गेलेल्या तुकड्यात लहान आतड्याचं शेवटचं टोक होतं, आणि बी-१२ शरीरात घेतलं जातं ते तिथेच. म्हणून दर महिन्याला त्याचं इंजेक्शन, कायमचं. उरलेल्या सात प्लेट आणि पिशव्या मी वॉर्डात नेऊन दिल्या, सोबत खाकी कागदाचा एक कोरा ताव.

२०२२ च्या गणपतीला डॉक्टरांना विचारून एक मोदक खाल्ला. सारण अगदी बारीक चावून. रात्री वहीत लिहिलं, "मोदक १." दुसऱ्या दिवशीच्या पानावर काही लिहावं लागलं नाही.