सहावं पातं

मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक ट्रेड शिकवतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीच्या मासेमारी बंदरातून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, "सर, मिरकरवाड्याला येता? इंजिन तापतंय." ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते, त्यानंतर बोट एक दिवस जरी जेटीला राहिली तरी मालकाचा जीव वरखाली होतो.

पोरगा पास होऊन चाकणला अ‍ॅप्रेंटिस म्हणून गेला होता. वर्षभर एकाच जागी उभं राहून तेच बोल्ट आवळले आणि परत आला. आमच्या प्लेसमेंटच्या तक्त्यात तो अजून चाकणलाच आहे. परत आलेल्यांसाठी रकानाच नाही.

कूलंट, थर्मोस्टॅट, बेल्ट, सगळं त्याने मी शिकवलेल्या क्रमाने तपासलं होतं. मीही खाली उतरून तेच पुन्हा तपासलं! आमच्या वर्कशॉपमधल्या इंजिनाला रेडिएटर आहे. बोटीला तो नसतो. पंप समुद्राचं पाणी ओढून हीट एक्सचेंजरच्या नळ्यांतून फिरवतो, त्याने इंजिनातलं गोडं पाणी थंड होतं आणि समुद्राचं पाणी बाजूच्या पाइपातून बाहेर पडतं. शेवटी तांडेलच, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणाला, "बाजूच्या पाइपातून पाणी कमी पडतंय, बघा जरा." सतरा वर्षं शिकवतोय, पण तिकडे माझी नजरही गेली नव्हती.

पंप उघडला. पाणी ढकलणारं रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, त्याच्या दहा पात्यांपैकी सहा तुटलेली. बोट दोन महिने किनाऱ्यावर, रबर दबून कडक झालेलं, त्यात कुणीतरी कोरडंच इंजिन फिरवून बघितलं असणार. सगळेच बघतात. नवा इम्पेलर जवळच मिळाला. "टाक नि कर चालू," तांडेल म्हणाला.

पोरगा ऐकेना. फडक्यावर तुकडे मांडले. पंपात तीन, होजमध्ये दोन. सहावा सापडल्याशिवाय चालू करणार नाही म्हणाला. बर्फ भरून झालेला, खलाशी शिव्या घालतायत. हीट एक्सचेंजरचं झाकण काढलं तेव्हा सहावा नळ्यांच्या तोंडाशीच चिकटलेला दिसला.

उघडलेला प्रत्येक नट-वॉशर ट्रेमध्ये मोजून ठेवायचा, यावरून मी त्याला वर्गात काय काय बोललो होतो! त्या दिवशी माझं म्हणावं असं तेवढंच.

जेटीवर त्याने विचारलं, "सर, चाकणहून बोलावतायत. जाऊ?" तिथे ठरलेला पगार. इथे वाटा, तोही मासळी लागली तर, आणि बंदीत हात रिकामे. पण इथे इंजिन त्याच्या ताब्यात. मी काहीतरी पुटपुटलो आणि तुटका इम्पेलर वर्गासाठी मागून घेतला.

दोन दिवसांनी फोन केला. रेंजबाहेर. म्हणजे समुद्रात असावा.