उभी रेघ, आडवी रेघ

मल्लेशमामांनी चेकिंगच्या टेबलावर टॉवेल पसरला आणि मोराच्या मानेवर बोट ठेवलं. मान मोडली होती. खाली पिसारा नीट, वर तुरा नीट, आणि मधला बोटभर रुंदीचाही नसेल एवढा पट्टा उजवीकडे सरकलेला. मामांनी दुसरा टॉवेल काढला, तिसरा काढला. तोच मोर, तीच मान, तीच जागा.

२०१९ चा मे महिना. सोलापूरच्या नवी पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या या टॉवेल कारखान्याचं सगळं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे असतं. बिलिंग, कॅमेरे, आणि जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, डिझाइनचा पीसी. सकाळी साडेसातलाच शेठचा फोन आला होता. "सर, जकार्डवाला येऊन गेला, म्हणतो मशीन ओके हाय. आता तुम्हीच या. पार्टीचा माल अडकलाय."

मला खरं तर जकार्डमधलं फारसं कळत नाही. मी तसं म्हणायच्या आत मामाच बोलले, "उभी रेघ असती तर तुमाला बोलावलंच नसतं ओ. उभी रेघ म्हंजे एखादा हुक अडकला, नायतर मॅग्नेट गेला. मग तेवढाच धागा कापडभर चुकत जातो. ही आडवी हाय. अन् दर टॉवेलला त्याच जागी. म्हंजे मशीन सांगितल्यालं बरोबर करायलंय. सांगणाराच चुकायलाय."

मामा पंचकार्डाच्या जमान्यातले. तेव्हा विणीच्या दर आडव्या धाग्याला भोकांचं एक कार्ड असायचं आणि अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं ओवून मागावर चढवायची. एक कार्ड चुकीचं टोचलं, की कापडात बरोबर तेवढीच आडवी ओळ चुकायची. आता कार्डाच्या जागी पेन ड्राइव्हवरची फाइल आली, हिशोब तोच राहिला. वीसहून जास्त वर्षं या धंद्यात आहे, पण 'हार्डवेअर की डेटा' हा निवाडा इतक्या झटकन करणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

फाइल डिझाइनच्या केबिनमधून आलेली. शेडला लागून काचेची केबिन, आत एक एसी आणि पांढऱ्या कॅबिनेटचा तो पीसी. रायझन ५ २६०० प्रोसेसर, सहा कोर, आदल्या वर्षी मीच जोडून दिलेला. डिस्क तपासली, ठणठणीत. पेन ड्राइव्ह बदलून पाहिला. मग सहज टास्क मॅनेजर उघडला आणि तिथेच थांबलो. प्रोसेसरवर काहीच काम नव्हतं, दोन टक्केसुद्धा नाही. तरी वेग ४.०९ गिगाहर्ट्झवर खिळलेला. या प्रोसेसरचा मूळ वेग ३.४ आणि स्वतःहून चढला तर जास्तीत जास्त ३.९. रिकामा असताना तो खाली उतरायला हवा. रिकाम्या रस्त्यावर कुणी ॲक्सिलरेटर दाबून धरावा तसं हे चाललं होतं.

दारात शेठचा धाकटा उभा. श्रीनू, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. माझ्याकडे न बघता एसीच्या रिमोटशी खेळत होता.

"श्रीनू, बायोसमध्ये कोण गेलं होतं रे?"

"काका, पप्पांना नका ना सांगू."

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीत, जानेवारीत, त्यानं एक व्हिडिओ बघून बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मुळातल्या सेटिंगमध्ये जाऊन, प्रोसेसरचा वेग वाढवला होता. मल्टिप्लायर ४१, म्हणजे शंभर मेगाहर्ट्झच्या घड्याळाला एकेचाळीसनं गुणून ४.१ गिगाहर्ट्झ, आणि व्होल्टेज १.४. व्हिडिओतल्या माणसानं ठेवलं तेच. दहा मिनिटं टेस्टही केली होती, मोबाइलमध्ये स्क्रीनचा फोटो होता: खोली २२ अंश, प्रोसेसर ७८. "पास झालं होतं काका. पंच्याण्णवपर्यंत चालतंय म्हणे याला."

रागवायला माझं तोंड कुठलं? १९९९ मध्ये मी शिकाऊ होतो तेव्हा सेलेरॉन ३०० ए नावाच्या प्रोसेसरनं आम्हा पोरांना वेड लावलं होतं. त्याचा मल्टिप्लायर साडेचारवर कुलूपबंद, पण मदरबोर्डची बस, म्हणजे ज्याला मल्टिप्लायरनं गुणायचं ते मूळ घड्याळ, ६६ मेगाहर्ट्झवरून १०० वर नेली की ३००चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर पळायचा. सगळे पळायचे नाहीत, पण बरेच पळायचे. दीडपट वेग फुकट! तसे दिवस आता राहिले नाहीत. आता कंपनीच जमेल तेवढा रस आधी पिळून घेते आणि आपल्या हाती चोथ्यातले चार थेंब. पण हात शिवशिवतात ते शिवशिवतातच.

एकच खटकत होतं. पीसी बंद पडत नव्हता. निळा स्क्रीन नाही, हँग नाही. फाइल चुकीची का निघावी?

प्राइम ९५ चालू केलं. हा प्रोग्राम मुळात मोठमोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठीचा, पण त्याच्या टेस्टमध्ये उत्तर आधीच ठाऊक असतं, त्यामुळे प्रोसेसर गणित चुकला तर तो जागच्या जागी पकडतो. नुसता पीसी बंद पडला नाही म्हणून 'पास' म्हणणाऱ्यांना हेच कळत नाही. सकाळचे साडेनऊ. एसी चालू, केबिनमध्ये २६ अंश. प्रोसेसर ८८ वर जाऊन स्थिरावला. एक तास झाला, प्राइमचे बाराही धागे, म्हणजे सहा कोरवर एकाच वेळी चाललेली बारा गणितं, बिनचूक. श्रीनूचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. अकरा वाजता तर तो म्हणालाच, "बघा काका. मॅग्नेटच गेलाय त्यांचा."

मामांनी ऐकलं. काही बोलले नाहीत, नुसतं कपाळावर आठी.

मी कागदावर आकडे मांडून बसलो. जानेवारीत खोली २२, प्रोसेसर ७८. फरक ५६. हीटसिंक आणि पंखा काय करतो? प्रोसेसरची उष्णता खोलीच्या हवेत टाकतो, बस. खोलीपेक्षा गार तो करूच शकत नाही. त्यामुळे फरक साधारण तेवढाच राहतो आणि खोली तापेल तितका प्रोसेसर वर चढतो. २६ मध्ये ५६ मिळवले की ८२. पण स्क्रीनवर ८८ होते. म्हणजे सहा अंश कुणीतरी खात होतं. आणि आता २६ च्या जागी सोलापूरचा मे टाका. बाहेर बेचाळीस, पत्र्याच्या शेडला लागून केबिन, एसी बंद असला तर आत अडतीस-एकोणचाळीस सहज. ३९ आणि ५६ म्हणजे ९५. या प्रोसेसरची शेवटची पायरी. वरचे सहा धरलेच नाहीत अजून.

"एसी दुपारी चालू असतो का?"

श्रीनू म्हणाला, "दुपारी व्होल्टेज उतरतंय ना, ट्रिप मारतंय. मग चारपर्यंत बंदच."

"आणि फाइली कधी सेव्ह करता?"

"जेवणानंतर. संध्याकाळच्या पाळीला चढवायच्या असतात की."

मग आम्ही थांबलो. शेठनी ताक पाठवलं. पाऊण वाजता एसीनं मान टाकली. एक वाजता केबिन ३०, दीडला ३१. प्रोसेसर ९२, ९३, ९४. दोनला दहा कमी असताना प्राइमच्या सातव्या धाग्यावर लाल ओळ आली. गणितातली राउंडिंगची चूक ०.५ आली, ०.४ च्या आत हवी होती. आणि ऐका, पीसी तसाच चालू. माउस फिरतोय, गाणी वाजतील, टॅली उघडेल. फक्त सातवा धागा गणित चुकला आणि गप्प बसला.

सिलिकॉन तापलं की त्याच वेगाला जास्त व्होल्टेज मागतं. जानेवारीत १.४ पुरलं, मेच्या दुपारी ते काठावर आलं. काठावरचा प्रोसेसर नेहमी पडतोच असं नाही, कधीकधी त्याचा नुसता तोल जातो.

तरी हा पुरावा प्राइमचा झाला, मोराचा नाही. म्हणून प्राइम थांबवलं आणि त्याच गरम केबिनमध्ये, डिझाइनच्या प्रोग्रामलाच कामाला लावून, मोराचं मूळ डिझाइन दहा वेगवेगळ्या नावांनी मशीनच्या फॉर्मॅटमध्ये सेव्ह केलं. मग विंडोजच्या एफसी कमांडनं बाइटला बाइट लावून फाइली ताडल्या. सुरुवातीचे काही बाइट सेव्हच्या वेळेचे, ते दर फाइलला वेगळे असणारच. ते सोडले तर आठ फाइली एकसारख्या. दोन वेगळ्या. त्यातली एक उघडली तर मान शाबूत, पण तुऱ्यात एक ओळ घसरलेली.

मामांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर करून स्क्रीनकडे बघितलं आणि श्रीनूला विचारलं, "हे तू टोचलास?"

पोरगं रडकुंडीला आलं. शेठना सांगावं लागलंच, पण शेठ ओरडले नाहीत. टॉवेल किती विणून झाले तेवढं विचारलं. दोनशेच्या वर. सगळे सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात.

आता ते सहा अंश. कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरवरचा पंखा वरून ठीकठाक दिसत होता, पण स्क्रू सोडवून उचलला तर खाली हीटसिंकच्या पात्यांवर सुताची धूळ बसून बसून चक्क नमदा झाला होता. चिमटीत धरून अख्खा थर निघाला, गोल, पंख्याच्या आकाराचा. टॉवेलच्या शेडमध्ये हवेत सतत तंतू उडतात, केबिनची काच काय अडवणार? नवी पेठेतल्या पीसीला वर्षातून एकदा साफ केलं तरी भागतं, इथे महिन्याला.

एक सांगतो, कारण यात मी स्वतः हात पोळून घेतलेले आहेत. या प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये, म्हणजे तो बसतो त्या खाचेत, हीटसिंक कधीही गार असताना सरळ वर ओढू नये. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळून चिकटलेली असते आणि लॉक लावलेलं असतानाही प्रोसेसर हीटसिंकबरोबर उपटून येतो, पिना वाकतात. आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करायचा, बंद करून वायर काढायची, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवायचा. आणि ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा.

नवी पेस्ट लावली, वाटाण्याएवढी. श्रीनूला म्हटलं, आता बस, करायचंच आहे तर शिकून कर. बायोस आधी डिफॉल्टवर आणला. व्होल्टेज १.२ वर बांधलं आणि वेग ३.६ पासून शंभर-शंभरनं चढवला. एका वेळी एकच आकडा बदलायचा, अर्धा तास प्राइम, वहीत चार रकाने: वेग, व्होल्टेज, खोली, प्रोसेसर. खोलीचा रकाना त्याच्या व्हिडिओत नव्हता. ३.७ पास. ३.८ पास. ३.९ ला विसाव्या मिनिटाला लाल ओळ. त्याचा हात लगेच व्होल्टेजकडे गेला. मी धरला.

"आधी हिशोब कर. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. तुझं जुनं ४.१ आणि १.४, आत्ताचं ३.८ आणि १.२. काढ."

त्यानं मोबाइलवर काढलं. वेग जेमतेम आठ टक्के जास्त, उष्णता जवळजवळ दीडपट. "म्हंजे छप्पन्नचा फरक भागिले दीड…" तो पुटपुटला, "अडतीसच्या आसपास. खोली ३८. शहात्तर यायला पाहिजे." ३.८ वर परत आणून प्राइम लावलं. पंच्याहत्तरवर थांबलं. पोराच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा खरं हसू आलं. माझ्याही.

ती सेटिंग प्रोफाइल म्हणून बायोसमध्ये ठेवून दिली आणि पीसी डिफॉल्टवरच चालू केला. श्रीनूला ते पटलं नाही, पण ज्या पीसीवर दुसऱ्याचा माल उभा आहे तिथे असली हौस मी तरी करणार नाही. त्याला म्हटलं, स्वतःचा जोड, मग कर काय करायचं ते. पुढच्या दिवाळीत त्यानं जोडलाही.

खरं कंटाळवाणं काम नंतरचं. एप्रिलपासून सेव्ह झालेली चौदा डिझाइनं पुन्हा काढायची आणि जुन्या फाइलींशी ताडायची. आणखी दोन बिघडलेल्या निघाल्या, नशिबानं अजून मागावर चढल्या नव्हत्या. रात्री नऊ वाजता मोराची नवी फाइल घेऊन मामा स्वतः मशीनपाशी गेले. पहिला टॉवेल मानेच्या वर येईपर्यंत आम्ही तिघेही तिथून हललो नाही.

निघताना शेठनी बिलाबरोबर चार टॉवेल दिले, त्या सेकंडमधलेच. मामांनी घडी घालून दिली. मोडकी मान आतल्या बाजूला गेली आहे याची दोनदा खात्री केली. "दुकानात पुसायला वापरा," म्हणाले. "घरी नेऊ नका. आमच्या शेडचा माल हाय म्हणून कुणाला दाखवू पण नका."