एसटीचा टप

गेल्या रविवारी आबांनी माझी एसटी पासिंगला नापास केली. एसटी म्हणजे कॉम्प्युटर गेमसाठी मी काढलेली, पडद्यावर आडवी चालली तर जेमतेम तीस पिक्सेल भरेल एवढी. पण आबांनी ३१ वर्षं कंडक्टरकी केली आहे, त्यातली निम्मी गगनबावड्याच्या रस्त्यावर, त्यामुळे गाडी केवढी आहे याला त्यांच्या लेखी किंमत नाही. गाडी ती गाडी.

मी राजारामपुरीत फ्लेक्सचं डिझाइन करतो. दिवसभर वीस बाय दहा फुटांवर कुणाच्या तरी वाढदिवसाचे चेहरे गोरे करायचे, आणि रात्री जेवण झालं की तीस पिक्सेलची बस. बायकोला यातलं कुठलं काम जास्त बिनकामाचं वाटतं, ते मी अजून विचारलेलं नाही.

गेम जुना आहे. ख्रिस सॉयरचा ट्रान्सपोर्ट टायकून, १९९४ चा, आपली वाहतूक कंपनी काढून बस-रेल्वे चालवायचा; पुढच्या वर्षी त्याची डिलक्स आवृत्ती आली. कॉलेजात असताना मित्राच्या कॉम्प्युटरवर आम्ही त्यात रात्री घालवल्या. त्यातल्या टॉयलँड नावाच्या खेळण्यांच्या मुलखात साखरेची खाण आहे. साखर जमिनीतनं खणून काढायची! कागलचा एक मित्र ते बघून असा हसला होता की पोटात कळ आली. आता तोच गेम ओपनटीटीडी नावानं फुकट मिळतो, २००४ पासून लोक तो वाढवत आलेत, आणि आपली स्वतःची वाहनं काढून त्यात घालता येतात. मूळ गेममधली पहिली बस ताशी ५६ किलोमीटरनं रखडणारी विलायती गाडी. गावांची नावं बदलून कोल्हापूर, बालिंगा, कळे, असळज केली, तर त्या रस्त्यावर ती बस कशी चालेल?

म्हटलं, रोज फ्लेक्स करणाऱ्याला एवढीशी बस म्हणजे काय. तिथंच फसलो. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये मऊ कडांची झकास बस काढली, लहान केली, आणि आपोआप २५६ रंगांत बसवून टाकली. जुन्या गेमचं रंगपटल तेवढंच असतं, प्रत्येक रंगाला नंबर. शून्य नंबर म्हणजे पारदर्शक. १९८ ते २०५ या निळ्या छटा खेळाडूच्या कंपनीचा रंग घेतात. आणि २२७ ते २५४ हे रंग स्थिर नाहीतच, ते गेम सतत फिरवत राहतो : पाण्याची चमक, आगीच्या ज्वाळा, टॉवरवरचा लुकलुकता लाल दिवा. माझ्या एसटीचा लाल नेमका त्या दिव्याच्या लालात जाऊन पडला. गाडी रस्त्याला लागली आणि गणपतीच्या मांडवासारखी उघडझाप करायला लागली.

मग गिंप नावाच्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते रंगपटल आधीच लावून घेतलं, फिरते रंग बाजूला ठेवले, ब्रश सोडून पेन्सिल धरली आणि एकेक पिक्सेल हातानं भरत गेलो. या मापात खिडकीचे गज काढता येत नाहीत. दोन गडद पिक्सेल, मग एक लाल, परत दोन गडद. लांबून बघितलं की डोळा गज स्वतःच घालून घेतो. पाटीला तीन पांढरट पिक्सेल. त्यावर ‘गगनबावडा’ ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. पांढरट म्हणजे पांढरा नव्हे हां. २५५ नंबरचा शुद्ध पांढरा हा चित्रांच्या चौकटींबाहेरचा रंग धरतात, तो चौकटीत दिसला की फाइल बनवताना इशारा येतो.

गाडी आठ दिशांनी काढावी लागते. मी पाच काढल्या आणि उरलेल्या तीन आरशासारख्या उलटवल्या. वेळ वाचवला, दुसरं काय.

तर रविवारी आबांना खुर्चीत बसवून मोठ्या कौतुकानं दाखवायला गेलो. चष्मा लावून त्यांनी पडदा जवळ ओढला. गाडी डावीकडून उजवीकडे चालली होती.

“आरं, हे दार ड्रायव्हरच्या अंगाला कसं?”

खरंच की. त्या बाजूनं जाताना आपल्याला ड्रायव्हरची बाजू दिसायला पाहिजे, आणि उलटवलेल्या चित्रात दार तिकडे आलं होतं.

“पॅसेंजर काय मधल्या रस्त्यात उतरवणार हाईस?”

मी म्हटलं, दुरुस्त करतो. पण त्यांची नजर वर सरकली होती. “आणि टप असा बोडका? कॅरियर कुठाय? शिडी?”

हे मला सुचलंच नव्हतं. गेममध्ये सगळं वरून तिरकं दिसतं, म्हणजे आठही दिशांना गाडीचा टप दिसतो, आणि मी मात्र रस्त्याकडेला उभं राहून बघितलेली एसटी काढत होतो. टप म्हणजे नुसती राखाडी पट्टी. आबांनी तो रोज बघितला होता. मागची शिडी चढून माल लावून घ्यायचा : नाचणीची पोती, फणस, कोंबड्यांचे करंडे, परतीला पत्रे, सायकल, एखाद्या लग्नाची लोखंडी कॉट. पावसात ताडपत्री घालायची. “घाटात दोरी ढिली राहिली की पोतं मागच्या काचेवर लोंबतंय,” म्हणाले, आणि दोरीची गाठ हवेत बांधून दाखवली.

त्या रात्री अडीच वाजेपर्यंत टपच काढला. कॅरियरला कडेनं एक गडद, एक फिकट असे पिक्सेल. पोत्याला तीन तपकिरी, खाली सावलीचा एक. सायकल जमली नाही. दोन काळे ठिपके दिले तर टपाला भोकं पडल्यासारखी दिसली, काढून टाकली. उलटवलेल्या तिन्ही दिशा नव्यानं काढल्या. मग प्रत्येक चित्र किती सरकवून बसवायचं त्याचे आकडे. ते चुकले की गाडी रस्ता सोडून उसातनं जाते, नाहीतर वळणावर गचका खाते. नशिबानं गेममध्येच चित्र एकेक पिक्सेल सरकवून बघायची सोय आहे. तिथं आकडे जुळवायचे आणि एनएमएलच्या, म्हणजे गेमला नवी गाडी समजावून सांगायच्या भाषेतल्या, फाइलीत लिहून ठेवायचे. त्याच फाइलीत वेग, किंमत, आसनं. मी ४४ आसनं लिहिली होती. आबा म्हणाले, “शेवटच्या गाडीला ४४? नुसत्या टपावर तेवढी असायची.” मी ६० केली.

काल संध्याकाळी परत दाखवली. दार जागेवर, शिडी मागं, टपावर पोती. बालिंगा गेलं, कळे गेलं. असळजच्या अलीकडं गाडी थांबली आणि धूर सोडायला लागली. गेममध्ये गाड्या अधूनमधून बंद पडतात, थोड्या वेळानं आपोआप सुरूही होतात. आबांना ते सांगणार, तेवढ्यात ते म्हणाले,

“मागली गाडी किती वाजता हाय बघ. पॅसेंजर तीत घालायला पाहिजेत.”

दुसरी गाडी मी अजून घेतलेलीच नव्हती.