बासुंदीला दूध आणि वेळ, बाकी काही नको

बासुंदीची रेसिपी शोधायला गेलं की निम्म्या ठिकाणी तेच, मिल्क पावडर घाला, कंडेन्स्ड मिल्क घाला नाहीतर कॉर्नफ्लोअर लावा आणि झटपट बासुंदी तयार. दाट होते हो, गोडही होते, पण मला ती बासुंदी वाटतच नाही. कॉर्नफ्लोअरचा दाटपणा जिभेवर चिकट लागतो आणि आटवलेल्या दुधाची ती खमंग चव त्यात येणार कुठून, ती दुधातली साखर आणि प्रोटीन बराच वेळ एकत्र तापल्यावरच तयार होते, तो हलका बदामी रंगपण त्याचाच.

दूध म्हशीचं घ्या किंवा फुल क्रीमची पिशवी. फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट असतं, २ लिटरचं १ लिटर केलं की ते १२ च्या आसपास जातं, सगळा मलईदारपणा तिथे आहे. टोन्ड दूध ३ टक्क्यांचं, ते निम्मं आटवून जेमतेम साध्या फुल क्रीमएवढं होतं, मग एवढा गॅस जाळून उपयोग काय?

भांडं पसरट आणि जाड बुडाचंच हवं. वाफ दुधाच्या वरच्या भागातून जाते ना, त्यामुळे उंच पातेल्यात तासन् तास उभं राहावं लागतं. दूध ओतायच्या आधी भांड्यात चमचाभर पाणी फिरवून घ्या. उकळी आली की गॅस मध्यमच्या खाली आणि मग खरं काम सुरू, वर साय धरली की ती कालथ्याने हळूच कडेला लावायची, कडेची सुकत आली की खरवडून परत दुधात, आणि दर वेळी तळापर्यंत कालथा फिरवायचा कारण बुडाला एकदा लागलं की तो करपट वास वेलचीने काय कशानेच जात नाही. रबडीत सायीचे मोठे मोठे थर ठेवतात आणि दूध अजून आटवतात, बासुंदी ओतता आली पाहिजे. नरसोबाच्या वाडीला जाऊन बासुंदी खाल्लेल्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल.

साखर दूध निम्म्यावर आल्यावरच. आधी घातली तर बुडाला लागायची भीती जास्त. आणि आटताना दुधाचा स्वतःचा गोडवापण वाढतो, म्हणून २ लिटरला मी १५० ग्रॅमच घालते, बासुंदी गोड मिट्ट झाली की दुधाची चव लागतच नाही. साखर विरघळली की जरा पातळ दिसेल, घाबरू नका, अजून ५-७ मिनिटं उकळा. गॅस बंद करताना अजून थोडी सैलच वाटली पाहिजे, गार होताना घट्ट होते.

मग वेलची, कोमट दुधात भिजवलेलं केशर, चारोळी आणि जायफळ. जायफळ अगदी चिमूटभर, पण विसरू नका, माझ्या मते बासुंदीचा वास म्हणजे जायफळच. बदाम पिस्ते घाला हवे तर, मला चारोळी पुरते. सीताफळ घालायचं असेल तर बासुंदी पूर्ण गार झाल्यावरच गर मिसळा, गरम दुधात घातला तर फाटायची शक्यता असते.

रात्री करून फ्रिजमध्ये ठेवली की दुसऱ्या दिवशी मुरून अजून छान लागते, फारच घट्ट झाली तर उकळून गार केलेलं थोडं दूध घालून सारखी करा, पाणी मात्र अजिबात नको.