बट्टमबांगहून आलेलं पत्र

आज कामावरून घरी आले तर टेबलावर लिफाफा! कंबोडियातल्या ज्या मुलीच्या शिक्षणासाठी आम्ही दर महिन्याला पैसे पाठवतो, तिचं पत्र. वर गोल वळणाची ख्मेर अक्षरं, खाली संस्थेतल्या कुणीतरी केलेलं इंग्रजी भाषांतर. आता पाचवीत गेलीय. सोबत चित्र: खांबांवर उभं घर, घराखाली सावलीत बांधलेली गाय, पुढे भाताचं शेत. गायीला तिने लांब पापण्या काढल्यात. किती वेळ बघतच बसले.

तिच्या आजी-आजोबांच्या पिढीने १९७५ ते १९७९ ची ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाची राजवट भोगली. शाळा बंद, शिक्षक मारले गेले, सुमारे १७ लाख माणसं गेली. शेतात पेरलेले सुरुंग तर पुढची कित्येक वर्षं पाय तोडत राहिले. बट्टमबांगचे कॅथलिक धर्मप्रमुख, जेझुइट संघाचे पाद्री किके फिगारेदो अशाच पाय गमावलेल्या मुलांना व्हीलचेअर मिळवून देत आले. कुणाचा धर्म कुठला हे न विचारता, बहुतेक सगळे बौद्धच.

एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ही मुलगी आईजवळच राहते. तिथल्या अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं होतं, गरिबीपायी सोडलेली लेकरं ती. मदत घरापर्यंत पोचली तर घर तुटत नाही.

रात्री उत्तर लिहायला बसणार आहे. आई म्हणाली, आपल्या वसईच्या केळीच्या बागेचा फोटो टाक त्यात.