आजीच्या तेराव्यानंतर बघितलेला 'पिना'

आजीचं तेरावं होऊन चारच दिवस झाले होते आणि घरात टीव्ही लावायचा की नाही यावर अजून कुजबुज चालू होती, तेव्हा मी 'पिना' लावला. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सचा २०११ चा माहितीपट. आधी दोनदा बघितलेला, पण यावेळी आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात सोप्यावर काका, आई, चुलतभाऊ आणि त्याची सात वर्षांची मुलगी सगळे बसलेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पिना बाउश म्हणजे जर्मनीतल्या वुपर्टालची नृत्यदिग्दर्शिका. वेंडर्स आणि ती मिळून फिल्म करणार होते, सगळी तयारी झाली होती आणि ३० जून २००९ ला ती गेली, कॅन्सर आहे हे कळल्यापासून फक्त पाच दिवसांत. वेंडर्सने फिल्म सोडूनच दिली होती, पण तिचे डान्सर म्हणाले आपण करूया. म्हणजे जिच्यावर फिल्म आहे ती गेलेली आणि मागे राहिलेली माणसं नाचतायत. कुणी कॅमेऱ्यासमोर रडारड करत नाही, नुसते गप्प बघतात आणि त्यांचा आवाज मागून ऐकू येतो.

आणि त्यात हसू येतं, खरंच येतं. एक बाई कारखान्यासमोर उभी राहून वासराचं कच्चं मांस बॅलेच्या बुटांत कोंबते, ओरडून सांगते की हे वासराचं मांस आहे, आणि मग तेच बूट घालून चवड्यांवर नाचत सुटते. मला वाटलं आता आई उठून आत जाणार. ती उठली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "पाय किती दुखत असतील गो तिचे."

मला हे इतकं का भिडलं ते सांगते. आजीची तिरडी बाहेर काढताना आमच्या जुन्या दाराची चौकट आडवी आली, ती पहिल्यापासून ठेंगणी आहे, आणि पुढच्या बाजूला खांदा दिलेले काका सवयीने बोलून गेले, "आये, डोकं सांभाळ." वीस वर्षं तिला हात धरून बाहेर आणताना ते रोज हेच म्हणायचे. चौघेही एकदम गुडघ्यांत वाकले, तिरडी खाली गेली, पलीकडे जाऊन परत वर आली, आणि सगळं घर हसलं. आत्या तर तोंडावर पदर धरून हसत होती आणि तशीच हुंदके द्यायला लागली. ते चौघांचं एका दमात वाकणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तो नाचच होता, मला दुसरा शब्द सुचत नाही.

नंतर कुणीतरी म्हणालं, मयताच्या घरात हसू नये. मला ते अजिबात पटत नाही. आमच्या गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या झर्मे गावात शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणात, काही माणसं 'चोर' होतात, काहींना मानेपर्यंत पुरतात, काहींचं डोकं मातीत आणि अंग बाहेर, वाटसरूंना चोर समजून गावाने मारलं त्याची ही आठवण म्हणतात. मी लहानपणी बघितलंय, भीती वाटते आणि आजूबाजूला जत्रा भरलेली असते, दोन्ही एकाच अंगणात. पिना ज्याच्याकडे शिकली त्या कुर्ट योसने १९३२ मध्ये 'द ग्रीन टेबल' हे नृत्यनाट्य केलं, त्यात हिरव्या टेबलाभोवती मुखवटे घातलेले मुत्सद्दी वाद घालतात, बघून हसू येतं, मग युद्ध लागतं आणि मृत्यू स्वतः नाचत येऊन एकेकाला घेऊन जातो. आमच्याकडे काय आणि तिकडे काय, गेलेल्या माणसाला फोटोत हार घालून गप्प बसवलं की तो खरंच जातो असं मला वाटतं.

फिल्ममध्ये सगळे डान्सर एका रांगेत चालतात, हातांनी चार ऋतू दाखवत, गवत, ऊन, पानगळ, थंडी. काकांनी ते तीनदा मागे घ्यायला लावलं. भावाची मुलगी उठून करायला लागली, थंडीला मुठी आवळून कुडकुडायचं असतं तिथं ती अडली, म्हणाली आपल्याकडे अशी थंडी कुठं असते, आणि तिने डोक्यावर छत्री धरली. मग काका तिच्यामागे उभे राहिले, त्यांच्यामागे आई, आणि छत्र्या धरून रांग सोप्यावरून अंगणात निघाली. दाराशी आल्यावर सगळे वाकले.