रिवायंडिंगच्या दुकानातून झटका मशीनपर्यंत

आमचं मूळ काम मोटार रिवायंडिंगचं, बाबांपासूनचं दुकान. मोटार न्यायला आलेला माणूस बोलायचा मात्र रानडुकरांचं आणि रोह्यांचं (नीलगायींचं), रात्र रात्र जागलीला जायचे बिचारे, आणि काही जण तर सरळ लाइनचा करंट तारेत सोडायचे, त्यात माणसं मेलीत. म्हटलं झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत थांबून थांबून जनावराला पळवणारा झटका सोडणारं यंत्र, आपणच बनवून बघू.

पहिलं मशीन म्हणजे निव्वळ जुगाड. मोटारसायकलची इग्निशन कॉइल, १२ व्होल्टची बॅटरी, छोटा इन्व्हर्टर, चार्ज साठवायला कॅपॅसिटर, तो एकदम सोडायला एससीआर (इलेक्ट्रॉनिक स्विच). कॅपॅसिटर ४०० व्होल्टला भरायचा, सेकंदाला एकदा कॉइलमध्ये रिकामा करायचा, की पलीकडे काही हजार व्होल्टचा ठोका. ठिणगी बघून आम्ही दोघं भाऊ एवढे खुश की कॉइलची परतीची वायर बोर्डाच्या अर्थ पिनमध्ये खोचली आणि मशीन तसंच चालू ठेवून जेवायला गेलो.

तिकडे आईनं कूलरला हात लावला न् ओरडली. दर सेकंदाला टुक, टुक. घराची न् दुकानाची अर्थिंग एकच, मागचा खड्डा मे महिन्यात ठणठणीत कोरडा, ठोक्याला जमिनीत जायला वाटच नाही म्हणून तो अर्थच्या वायरनं घरातल्या सगळ्या पत्र्यांवर फिरत होता. आईला काही झालं नाही, पण मशीन आठवडाभर बंद (तिनंच करायला लावलं).

नंतर एकदा बॅटरी काढलीय म्हणून मी बिनधास्त आत हात घातला, कॅपॅसिटर भरलेलाच, हात असा मागे आला की कोपर वाइसवर आपटला. आता कॅपॅसिटरला कायमचा ब्लीडर रेझिस्टर (साठलेला चार्ज हळूहळू रिकामा करणारा) असतोच, तरी मीटर लावून शून्य बघितल्याशिवाय कुणी आत बोट घालायचं नाही.

मोटारसायकलची कॉइलपण सोडली, तिच्यात दोन्ही वाइंडिंगचं एक टोक कॉमन असतं, म्हणजे तारेचा ठोका बॅटरीकडे यायला मोकळा. वाइंडिंग तर आमच्या हातातलं काम, वेगवेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच भरला. आणि नियम पाळायला लागलो, दोन ठोक्यांत किमान १ सेकंद, ५०० ओहमच्या लोडवर एका ठोक्याची एनर्जी ५ जूलच्या आत.

मशीन विकायला लागलो तर एप्रिलमध्ये फोनवर फोन, "भाऊ, तुमचं मशीन मेलं." दुकानात आणलं की एकदम ओके! शेवटी वावरात जाऊन बघितलं तर अर्थिंग म्हणून वीतभर सळई, तीपण भेगा पडलेल्या जमिनीत. अहो, ठोका तारेतून जनावरात, जनावरातून मातीत आणि मातीतून सळईवाटे परत मशीनला यायला पाहिजे, माती कोरडी म्हणजे सर्किट तुटलं, डुक्कर मजेत आत.

आता मशीनसोबत ३ रॉड देतो, ६-६ फुटी, एकमेकांपासून १० फुटांवर, आणि घराच्या किंवा मोटारीच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर लांब. बसवल्यावर शंभरेक मीटरवर तार सळईनं जमिनीला शॉर्ट करतो न् रॉडवर व्होल्टेज मोजतो, ३०० च्या वर दाखवलं की अजून एक रॉड. मुरमाड जमिनीत तेही पुरत नाही, तिथं तारेखाली दुसरी अर्थची तार ओढावी लागते.

रॉडचे पैसे सांगितले की काही जणांचं तोंड वाकडं होतं, म्हणतात बोअरच्या केसिंगला जोडून द्या ना. मोटारीची बॉडी त्याच केसिंगला टेकलेली असते, मग मी त्यांना कूलरची गोष्ट सांगतो.